अधिक की उणे: लाउफेनबुर्गच्या पुलाचं प्रकरण

राइन नदीच्या दोन काठांवर लाउफेनबुर्ग याच नावाची दोन गावं समोरासमोर आहेत. दक्षिणेचं स्वित्झर्लंडच्या आरगाउ प्रांतात, उत्तरेचं जर्मनीच्या बाडेन भागात. मुळात गाव एकच. 1801 च्या ल्युनेव्हिल तहानंतर राइन ही सीमा ठरली आणि गावाची वाटणी झाली. पुढच्या दोनशे वर्षांत गाड्या वाढत गेल्या. जुन्या गावठाणातल्या पुलावर सगळा भार पडू लागला, तेव्हा गावाबाहेरून नवा पूल बांधायला घेतला. 2003 मध्ये, काम चालू असताना लक्षात आलं की जर्मन काठावरचं बांधकाम आणि स्विस काठावरचं बांधकाम उंचीला जुळत नाही. फरक 54 सेंटिमीटरचा.

बातमी जगभर गेली आणि सगळीकडे हसत हसत वाचली गेली. एक देश घड्याळांसाठी प्रसिद्ध, दुसरा यंत्रांसाठी, आणि दोघांना मिळून एक पूल सरळ रेषेत आणता येईना! पण सर्व्हेच्या धंद्यातल्या माणसाला हे प्रकरण वाचताना हसू येत नाही, कारण यात मोजणी कुणाचीच चुकली नव्हती. दोन्ही काठांवरच्या लेव्हल्स, म्हणजे मोजलेल्या उंच्या, आपापल्या देशाच्या हिशेबाने बरोबर होत्या. दोन देशांच्या उंच्यांमध्ये 27 सेंटिमीटरचा फरक आहे, हेही सगळ्यांना आधीपासून माहीत होतं आणि त्याची दुरुस्ती धरलेली होती. फक्त ती अधिक करायच्या जागी उणे झाली, की उणे करायच्या जागी अधिक झाली. 27 चा फरक मिटण्याऐवजी दुप्पट झाला.

साइटच्या टोपो सर्व्हेबद्दल, म्हणजे जमिनीच्या चढउतारांच्या मोजणीबद्दल, बोलताना आपण बहुतेक वेळा उपकरणांबद्दल बोलतो. कोन-अंतर मोजणारं टोटल स्टेशन किती सेकंदांचं, ड्रोन घेतलाय का, कॉन्टूर (समान उंचीच्या रेषा) अर्ध्या मीटरचे की एका मीटरचे. लाउफेनबुर्गला यातलं काहीही आडवं आलं नाही. आडवा आला तो शून्य.

समुद्र कुठला?

नकाशावर एखाद्या जागेची उंची 320 मीटर लिहिली असेल तर ती कशापासून, हा प्रश्न घरमालक कधी विचारत नाही आणि पुष्कळदा आर्किटेक्टही विचारत नाहीत. 'समुद्रसपाटीपासून' हे उत्तर शाळेतच पाठ झालेलं असतं. पण समुद्राची पातळी दर मिनिटाला बदलते, आणि तिची कित्येक वर्षांची सरासरी काढली तरी ती प्रत्येक बंदरात सारखी येत नाही. पाण्याचा खारटपणा, तापमान, वारा, प्रवाह या सगळ्यांमुळे भूमध्य समुद्राची सरासरी पातळी उत्तर समुद्राच्या पातळीपेक्षा थोडी खाली बसते. म्हणून प्रत्येक देश एखादं बंदर निवडतो, तिथल्या पाण्याला शून्य म्हणतो आणि तिथून आत, डोंगरापर्यंत, लेव्हल चालवत नेतो.

जर्मनीने उत्तर समुद्राकडचं ॲमस्टरडॅम निवडलं. ॲमस्टरडॅमचं शून्य फार जुनं, 17व्या शतकात शहराच्या पाण्याच्या दारांवर बसवलेल्या संगमरवरी दगडांवरून आलेलं. तिथून लेव्हल बर्लिनपर्यंत आणून 1879 मध्ये तिथल्या वेधशाळेवर एक खूण केली आणि ठरवून टाकलं की शून्य या खुणेच्या बरोबर 37 मीटर खाली आहे. पुढे वेधशाळा पाडायची वेळ आली तेव्हा ही मूळ खूण शहराबाहेर हलवावी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनी रशियाच्या क्रॉनश्टाट बंदराच्या शून्यावर गेला आणि एकाच भाषेच्या दोन देशांत काही सेंटिमीटरचा फरक पडला. तो एकीकरणानंतर निस्तरावा लागला. म्हणजे असल्या फरकाचा जर्मन सर्व्हेअरला चांगलाच सराव होता.

स्वित्झर्लंडला समुद्रच नाही. त्यांनी फ्रान्समार्फत भूमध्य समुद्रावरच्या मार्से बंदराचं शून्य घेतलं आणि जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याबाहेर डोकं काढून बसलेल्या एका ग्रॅनाइटच्या खडकावर आणून ठेवलं. हिमनदीने आणून टाकलेल्या या खडकाचं नाव पिएर द्यु नितों. 1820 मध्ये द्युफूर या इंजिनिअरने त्यावर पितळी खूण बसवली. पुढे स्वित्झर्लंडचा पहिला मोठा नकाशा करणारा तो हाच. आज देशातल्या प्रत्येक शिखराची, प्रत्येक रेल्वे स्टेशनची आणि प्रत्येक पुलाची अधिकृत उंची या एका खडकावरून मोजली जाते. खडकाची उंची 373.60 मीटर धरतात. 1902 च्या आधी ती 376.86 मीटर धरायचे. समुद्राशी जोडणी नीट केल्यावर खडक सव्वातीन मीटर खाली आला आणि त्याच्याबरोबर कागदावर सगळं स्वित्झर्लंड खाली उतरलं. आल्प्स होते तिथेच राहिले. ज्यांच्याकडे जुने नकाशे होते त्यांना मात्र हा आकडा लक्षात ठेवावा लागला.

तर लाउफेनबुर्गला नदीच्या एका बाजूला मार्सेचं शून्य आणि दुसऱ्या बाजूला ॲमस्टरडॅमचं. दोन्हींत 27 सेंटिमीटर. मार्सेचं शून्य खाली, म्हणून एकाच दगडाची स्विस उंची जर्मन उंचीपेक्षा 27 सेंटिमीटरने जास्त येते.

27 चे 54

आकडे फक्त समजण्यापुरते घेऊ. पुलाच्या एका बिंदूची जर्मन उंची 320.00 असायला हवी असं डिझाइनने ठरवलं. समोरच्या काठावर स्विस बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठरलेल्या पक्क्या खुणेवरून, काम होणार. स्विस शून्य खाली असल्यामुळे तोच बिंदू स्विस आकड्यांत 320.27 होतो. हा आकडा ड्रॉइंगवर गेला तर पूल जुळतो.

आता दुरुस्ती करणाऱ्याने 27 सेंटिमीटर मिळवण्याऐवजी वजा केले. ड्रॉइंगवर 319.73 गेलं. स्विस काठावरच्या सर्व्हेअरने स्विस बेंचमार्कवर लेव्हल लावली, नेमकी 319.73 ची खूण काढली, दोनदा तपासली, ठेकेदाराने त्यावर काम केलं. हवं होतं 320.27. फरक 0.54.

यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. दोन शून्यं वेगळी आहेत हे कुणालाच माहीत नसतं, तर चूक 27 सेंटिमीटरचीच झाली असती. माहीत असलेल्यांनी दुरुस्ती केली म्हणून ती दुप्पट झाली. अज्ञानातून झालेली चूक पकडायला सोपी जाते, कारण तिथे काहीतरी राहून गेलेलं असतं. केलेली पण उलटी केलेली दुरुस्ती दिसत नाही. चेकलिस्टवर 'दोन देशांच्या उंचीतला फरक धरला आहे काय?' असा रकाना असेल, तर त्यापुढे खरोखरच बरोबरची खूण पडते. आकडाही बरोबर असतो, 27 च. चिन्ह मात्र चेकलिस्ट विचारत नाही.

दुरुस्ती कुठल्या दिशेने लागू करायची, हे नेहमी दोन ठिकाणी अडतं. शून्य खाली गेलं की उंचीचा आकडा वाढतो. हे उलटं चालणारं नातं घाईत डोकं फिरवतं. 'आमचा समुद्र तुमच्यापेक्षा 27 सेंटिमीटर खाली' असं कुणी फोनवर सांगितलं, तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिलं येतं ते वजाबाकीच. दुसरं म्हणजे आपण कुठल्या आकड्यावरून कुठल्या आकड्याकडे चाललो आहोत, हे वाक्यात येत नाही. 'फरक 27 सेंटिमीटर' ही माहिती अर्धीच आहे. ती पूर्ण लिहायची तर एक खरा बिंदू घेऊन दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावे लागतात: अमुक पायरीवरचा खिळा, जर्मन उंची इतकी, स्विस उंची इतकी. अशी एक ओळ ड्रॉइंगवर असती तर चिन्हाचा प्रश्नच उरत नव्हता. वाचणारा स्वतः वजाबाकी करतो आणि दिशा त्याला समोर दिसते.

दोन्ही बाजूंची वही स्वच्छ

लेव्हलिंगच्या वहीत चूक पकडायची एक जुनी, फार चांगली सोय आहे. बेंचमार्कवरून निघायचं, सगळे बिंदू घेत फिरायचं आणि परत बेंचमार्कवर यायचं. परत आल्यावर आकडा जितका चुकतो तितकी क्लोजिंग एरर. साध्या साइटच्या कामाला किलोमीटरच्या वर्गमुळाला 12 ने गुणून येतील तितके मिलिमीटर चालतात. एक किलोमीटर फिरलात तर 12 मिलिमीटर, चार किलोमीटर फिरलात तर 24. त्याहून जास्त आलं की परत फिरा.

लाउफेनबुर्गच्या दोन्ही काठांवर अशी लूप मिलिमीटरांत बंद झाली असणार. व्हायलाच हवी. कारण लूप फक्त एवढंच सांगते की तुम्ही निघालात तिथेच परत आलात. निघालेली जागा कुठल्या शून्यावर उभी आहे, हे लूपला माहीत नसतं आणि विचारताही येत नाही. टोपो सर्व्हेचं सगळं स्वतःचं शहाणपण असं आतल्या आत असतं. ट्रॅव्हर्स (बिंदूंची मोजलेली साखळी) बंद होतो, कॉन्टूर एकमेकांना छेदत नाहीत, एका बिंदूची स्पॉट लेव्हल शेजारच्या स्पॉट लेव्हलशी पटते, तीनमिती मॉडेल फिरवून बघितलं तर डोळ्यांना छान वाटतं. हे सगळं झाल्यावरही ती जमीन अख्खीच्या अख्खी अर्धा मीटर वर किंवा खाली असू शकते आणि कागदावर कुठेही सुरकुती दिसत नाही.

डोळ्यांनाही दिसत नाही. दोनशे मीटरच्या अंतरावर 54 सेंटिमीटर म्हणजे साधारण 370 मीटरला एक मीटरचा उतार. रस्त्याला पाण्याच्या निचऱ्यासाठी आपण आडवा उतारच याच्या कित्येक पट देतो. काठावर उभं राहून पलीकडच्या बांधकामाकडे बघणाऱ्या माणसाला, तो कितीही अनुभवी असो, हा फरक कळणं शक्य नाही. तो कळतो दोन टोकं जवळ आली की. लाउफेनबुर्गच्या पुलाला एका काठाचं काम दुरुस्त करून दोन्ही बाजू जुळवाव्या लागल्या. पूल पूर्ण झाला, 2004 च्या अखेरीस वाहतुकीला खुला झाला आणि आज त्यावरून जाणाऱ्याला काहीही जाणवत नाही.

नदी ओलांडणारी एक रेषा

आता सर्वात महत्त्वाचा भाग. ही चूक बांधकामाआधी पकडायला काय लागलं असतं?

लाउफेनबुर्गला जुना पूल होता. गावाच्या मध्यावर, नदीवरच, चालत जाण्यासारखा. एक ऑटो लेव्हल (आडवी नजर देणारी दुर्बीण), दोन स्टाफ (आकडे लिहिलेल्या उभ्या पट्ट्या) आणि तीन माणसं घेऊन जर्मन काठावरच्या बेंचमार्कवरून निघायचं, पूल ओलांडायचा आणि स्विस काठावरच्या बेंचमार्कवर संपवायचं. वहीत जो फरक येईल तो दोन शून्यांमधला खरा फरक, चिन्हासकट. तो कुठल्याही परिपत्रकातून वाचायचा नाही, दोन दगडांमध्ये मोजायचा. सकाळी सुरू केलेलं काम जेवणापर्यंत संपतं. आणि नव्या पुलाच्या दोन्ही काठांवर एकाच रेषेतून आलेले टीबीएम, म्हणजे तात्पुरते बेंचमार्क, बसवले की कुठल्या देशाचा समुद्र कुठे आहे, हा विषयच साइटवर येत नाही. दोन्ही ठेकेदार एकाच खुणेवरून काम करतात. राष्ट्रीय उंची ड्रॉइंगच्या कोपऱ्यात माहितीपुरती राहते.

पूल नसता तरी मार्ग होता. नदीच्या दोन्ही काठांवर लेव्हल पाळीपाळीने लावून समोरासमोरचे स्टाफ वाचायचे. प्रत्येक जागेवरून जवळचाही स्टाफ वाचायचा, लांबचाही, आणि दोन्ही जागांवरून आलेल्या फरकांची सरासरी काढायची. उपकरणाची कॉलिमेशनची चूक (दुर्बिणीची नजर किंचित तिरपी असणं), पृथ्वीचा गोलावा आणि हवेतलं प्रकाशाचं वाकणं यांचा परिणाम या सरासरीत एकमेकांना मारतो. गोलावा आणि वाकणं मिळून एका किलोमीटरला साधारण पावणेसात सेंटिमीटर होतात. दोनशे मीटरला तीन मिलिमीटरसुद्धा नाहीत. म्हणजे राइनसारख्या रुंदीला ही पद्धत सहज पुरते.

तिसरी तपासणी तर खेड्यातल्या पाणीपुरवठ्याच्या मिस्त्रीलाही जमेल. वारा पडलेला असताना, एकाच वेळी, दोन्ही काठांवर समोरासमोर पाण्याच्या कडेला एकेक खुंटी ठोकायची, खुंटीचं डोकं पाण्याशी अगदी बरोबर आणायचं. मग प्रत्येक काठाच्या सर्व्हेअरने आपापल्या बेंचमार्कवरून खुंटीची लेव्हल घ्यायची. सरळ, संथ पात्रात दोन्ही काठांचं पाणी जवळपास एकाच पातळीत असतं, वळणावर थोडे सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. दोन आकड्यांमध्ये जर्मन-स्विस हिशेबाने 27 सेंटिमीटरच्या आसपास यायला हवेत, आणि स्विस आकडाच मोठा हवा. ड्रॉइंगमध्ये दिशा उलटी असेल तर ती या एका खुंटीवर उघडी पडते. मिलिमीटरची अचूकता इथे लागतच नाही. अर्ध्या मीटरची चूक पकडायला चार-पाच सेंटिमीटरची तपासणी पुरते, फक्त ती वेगळ्या वाटेने आलेली हवी. त्याच आकड्यांची दुसऱ्या माणसाने केलेली बेरीज ही तपासणी नव्हे. ती पहिल्या बेरजेची नक्कल असते.

मोठ्या कामांत ही वेगळी वाट कुणाच्या अंगावर घालायची यावरच गाडी अडते. डिझाइनर म्हणतो लेव्हल सर्व्हेअरने दिल्या. सर्व्हेअर म्हणतो मी माझ्या काठाच्या दिल्या, समोरच्या काठाचं मला कुणी सांगितलंच नाही. ठेकेदार म्हणतो मी ड्रॉइंगप्रमाणे बांधलं. प्रत्येकाचं म्हणणं खरं असतं. नदीच्या मधोमध मात्र कुणाचाच करार पोहोचत नाही.

मुंबईत तीन शून्यं

आपल्याकडे असल्या घोळासाठी दोन देशांची सीमा असावी लागत नाही. एका शहरात पुरेशी शून्यं आहेत.

भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाच्या लेव्हलचं जाळं 1909 मध्ये जुळवलं तेव्हा किनाऱ्यावरच्या नऊ भरतीमापकांवरचा सरासरी समुद्र शून्य धरला. त्यातला एक मुंबईचा, अपोलो बंदरचा. जुन्या रेल्वे स्टेशनांच्या पाट्यांवर स्टेशनच्या नावाखाली जी उंची लिहिलेली असते ती याच घराण्यातली. हे पहिलं शून्य.

दुसरं बंदराचं. जहाजं चालवणाऱ्यांना सरासरी पाण्याशी काही देणंघेणं नसतं. त्यांना सर्वात खालच्या ओहोटीला किती पाणी राहील ते हवं असतं. म्हणून चार्ट डेटम, म्हणजे सागरी नकाशांचं शून्य, खाली धरतात. मुंबईत सरासरी समुद्र चार्ट डेटमच्या 2.51 मीटर वर आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्रं 'आज साडेचार मीटरची भरती' असं छापतात ती उंची या शून्यावरून. सरासरी समुद्रापासून ती दोन मीटरसुद्धा नाही.

तिसरं शून्य महापालिकेचं: टाउन हॉल डेटम, बोलताना टीएचडी. ज्या टाउन हॉलमध्ये आज एशियाटिक सोसायटी आहे, त्याचंच नाव या डेटमला आहे. हे शून्य मुद्दामच फार खाली धरलेलं आहे, म्हणजे गटाराच्या तळाची लेव्हलसुद्धा उणेत जात नाही. टीएचडीमध्ये सरासरी समुद्रच चोवीस मीटरच्या वर येतो. नाल्याचे तळ, रस्त्याचे काठ, प्लॉटची भरणी, सगळं मुंबईत टीएचडीमध्ये चालतं.

आता खाडीकाठच्या एखाद्या प्लॉटवर टोपो सर्व्हे करायचाय असं समजा. नाल्याचं तोंड महापालिकेच्या कागदात टीएचडीमध्ये, भरतीचं कोष्टक चार्ट डेटममध्ये, आणि आसपासचा सर्वेक्षण विभागाचा बेंचमार्क सरासरी समुद्रापासून. भरतीच्या वेळी नाल्याचं पाणी बाहेर पडेल की आत शिरेल, हा साधा प्रश्न सोडवायलाही तिन्ही आकडे एका शून्यावर आणावे लागतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा भरती आणि नाल्यांचं गणित सगळ्या शहराने भोगलं. त्यानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीनेही शहराच्या बारीक कॉन्टूर नकाशाचा आग्रह धरला. कॉन्टूर बारीक करून भागत नाही, त्यांचा पाया कुठल्या पाण्यावर आहे हेही लिहावं लागतं. तिथे टीएचडी आणि सरासरी समुद्र यांची गल्लत होणं अवघड आहे, फरक वीस मीटरच्या वर असल्याने आकडाच ओरडतो. खरी भीती चार्ट डेटम आणि सरासरी समुद्राची. अडीच मीटर म्हणजे दोन्ही आकडे शक्य कोटीतले वाटतात आणि डोळे झाकून वापरले जातात.

100.000 ची सवय

मुंबईबाहेर पडलं की वेगळीच गंमत. पुणे, सातारा, नाशिककडच्या छोट्या प्लॉटवर सर्व्हेअर येतो, शेजारच्या बंगल्याच्या जोत्यावर किंवा हद्दीजवळच्या कातळावर लाल रंगाने फुली मारतो आणि तिची आरएल, म्हणजे धरून चाललेली उंची, 100.000 मानतो. बांधकामापुरतं हे अगदी योग्य आहे. जोतं, रस्ता, ड्रेनेजचं चेंबर, सगळी नाती आपसातली असतात आणि 100 मुळे उणे आकडे टळतात.

अडतं ते पूररेषा आल्यावर. नदीकाठच्या जमिनीला जलसंपदा विभाग निळी आणि लाल रेषा देतो. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषांची पातळी समुद्रसपाटीपासून दिलेली असते, समजा 548.30. प्लॉटचा नकाशा मात्र 97 ते 103 मध्ये. मग आर्किटेक्ट नकाशावर निळी रेषा कशी काढतो? पुष्कळदा विभागाच्या नकाशाची प्रत मापात आणून, प्लॉटच्या नकाशावर ठेवून, रेषा डोळ्यांनी गिरवून. रेषा ही मुळात पातळी आहे, पाणी जिथवर चढतं ती कड आहे, हे बाजूला राहतं. चपट्या काठावर पाण्याची पातळी अर्धा मीटर वर गेली तर कड वीस-पंचवीस मीटर आत सरकू शकते. तेवढ्यात एक इमारत बसते किंवा बसत नाही.

याला दुसरा पर्याय म्हणून हल्ली डीजीपीएसचा रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं हातातलं उपकरण, येतो. कॉर्सच्या, म्हणजे कायम चालू असलेल्या संदर्भ केंद्रांच्या, जाळ्याशी जोडला की दोन-तीन मिनिटांत अक्षांश-रेखांश आणि उंची मिळते, सर्व्हेअर खूश, मालक खूश. पण ती उंची उपग्रहांच्या हिशेबातल्या लंबगोलापासून असते, समुद्रापासून नाही. आपल्या भागात समुद्राचा पृष्ठ त्या लंबगोलाच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे. म्हणून मुंबईच्या चौपाटीवर उभं राहून रोव्हर उणे साठच्या पलीकडचा आकडा दाखवतो. तो बघून कुणी फसत नाही. फसतात ते पुण्यात, जिथे 560 च्या जागी 495 आलं तरी दोन्ही आकडे 'उंची'सारखेच दिसतात. आणि इथेही लाउफेनबुर्गचंच गणित: जिऑइडची (लंबगोल आणि समुद्राचा पृष्ठ यांच्यातल्या अंतराची) दुरुस्ती उणे चिन्हाची असते. ती उंचीत मिळवायची की वजा करायची, हा घोळ सॉफ्टवेअरच्या एका रकान्यात रोज कुठेतरी होत असतो. इथे चूक दुप्पट झाली तर सव्वाशे मीटरची होते आणि म्हणूनच लगेच पकडली जाते. सुटतात त्या अर्ध्या मीटरच्या. चुकीचं जिऑइड मॉडेल किंवा जवळच्या बेंचमार्कशी न केलेली जोडणी.

भूमि अभिलेखाच्या मोजणीचाही इथे गैरसमज असतो. हद्द कायम करणारी मोजणी झाली की मालकाला वाटतं जमिनीचा सर्व्हे झाला. त्या नकाशात उंचीचा एकही आकडा नसतो. टोपो वेगळा करावा लागतो आणि त्याची ऑर्डर देताना मी आता काही गोष्टी लिहूनच घेतो. उंची कुठल्या शून्यापासून, हे ड्रॉइंगच्या शीर्षकाखालीच यायला हवं, तळटीपेत नाही. साइटवर किमान दोन टीबीएम हवेत, खोदकामात न जाणाऱ्या जागी, आणि त्यांचे फोटो. एकच असला तर जेसीबीचा धक्का लागल्यावर तो हलला की नाही हे सांगणारा कुणी उरत नाही. शेजारच्या कुठल्याही कागदावर वेगळं शून्य असेल, मग ती पूररेषा असो, महापालिकेचा नाला असो की महामार्गाचं ड्रॉइंग, तर त्या कागदातला निदान एक खरा बिंदू आमच्या वहीत मोजून आणायचा: पुलाच्या कठड्यावरचा खिळा, चेंबरचं झाकण, स्टेशनची पाटी. मग कोष्टकात त्याच बिंदूचे दोन आकडे, आमचा आणि त्यांचा. 'फरक इतका' असं नुसतं लिहिलेलं मी स्वीकारत नाही.

यावर सर्व्हेअरची तक्रार ठरलेली असते. खिळा दोन किलोमीटरवर आहे, जाऊन-येऊन लेव्हल न्यायची म्हणजे अर्धा दिवस गेला, त्याचे पैसे कोण देणार? बरोबर आहे, तो अर्धा दिवस दरपत्रकात धरलेला नसतो. म्हणून आता तो वेगळ्या ओळीत मागवतो, 'बाहेरच्या बेंचमार्कशी जोडणी' म्हणून. पाचातले दोन मालक ती ओळ खोडतात.